मंगळवार-शुक्रवारची दुसरी आंघोळ

ही सगळी भानगड माझ्या तोंडून निघालेल्या तीन शब्दांनी सुरू झाली. ते तीन शब्द म्हणजे, "आमच्या घरी ऐका."

बोलायची काही गरज नव्हती. नर्सबाई माझ्याशी बोलतच नव्हत्या. त्या रंभाबाईशी बोलत होत्या, तेही रंभाबाईच्या ओट्यावर बसून. मी आपला समोरून चाललो होतो. (चाललो होतो म्हणजे दोनदा चाललो होतो. पहिल्या फेरीत बोलणं नीट कळलं नाही.) शेजारी काय चाललंय हे समजल्याशिवाय मला जेवण जात नाही. शोभा, म्हणजे आमची मंडळी, याला खोड म्हणते. मी याला शेजारधर्म म्हणतो.

आम्ही राहतो शहराबाहेर वाडीला, अमरावती रोडवर, ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनांच्या मागे. एका ओळीत आठ भाड्याच्या खोल्या, शेवटची आमची, आणि आमच्या भिंतीला चिकटून साऱ्या ओळीची मिळून एक न्हाणी. मी समोरच्याच गोडाऊनमध्ये बुकिंग क्लार्क. शिक्षण सातवी, अक्षर बरं. बाकी ओळीत बहुतेक ड्रायव्हर आणि हमाल, आणि त्यांच्या बायका बाळंत व्हायच्या त्या रंभाबाईच्या हातून. रंभाबाई पन्नाशीची, अंगानं काडी, आवाजानं फौजदार. वाडीच्या शाळेतली निम्मी पोरं तिनंच या जगात आणली, म्हणून हेडमास्तरसुद्धा तिला रस्ता देत.

तर अठ्ठ्याहत्तर सालच्या डिसेंबरात नर्सबाईंनी तिला सांगितलं की दायांसाठी आता रेडिओवर तेरा धडे होणार, मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी दीड वाजता. ते ऐकायचे, मग दवाखान्यात तोंडी परीक्षा, आणि पास झाली की कात्री, दोरा, साबण, रबरी चादर असलेला स्टीलचा डबा. रंभाबाई म्हणाली की तीनशे लेकरं तिनं रेडिओशिवाय काढली. पण डब्याचं नाव निघाल्यावर तिची मान जराशी वळली, ते मी पाहिलं. अडचण एवढीच की तिच्याकडे रेडिओ नव्हता. साऱ्या ओळीत एकच रेडिओ होता, तो आमचा, मेहुण्यानं लग्नाच्या पंधराव्या वाढदिवसाला दिलेला.

म्हणून मी ते तीन शब्द बोललो.

पहिल्या मंगळवारी आमच्या खोलीत रंभाबाई आली, शोभा होतीच, आणि "पाहू तरी" म्हणत ओळीतल्या आणखी चार बाया आल्या. मी जेवणाच्या सुट्टीत मुद्दाम लवकर येऊन, रेडिओ लावून, खुर्ची ओढून बसलो. रंभाबाईनं माझ्याकडे पाहिलं.

"तुमी काहून बसले?"

"माझा रेडिओ आहे," मी म्हणालो.

"रेडिओ तुमचा हाय. पोट आमचं हाय. व्हा बाहेर."

मी शोभाकडे पाहिलं. शोभानं दाराकडे पाहिलं. माझ्याच घरातून, माझ्याच रेडिओसमोरून मला उठवलं गेलं आणि दार लावून घेतलं. बाहेर उभं राहून काय करणार? म्हटलं, पाय तरी धुवावेत. न्हाणीत शिरलो, तांब्या हातात घेतला आणि थबकलो. भिंतीतून आवाज येत होता. "भगिनींनो, नाळ कापण्यापूर्वी हात साबणानं धुवा." शब्दन् शब्द. वरच्या बाजूची एक वीट कधीतरी पडली होती आणि तिथून रेडिओवरची डॉक्टरीणबाई थेट माझ्या कानात बोलत होती.

आता मला सांगा, कोणता माणूस तिथून निघून गेला असता? (शोभा म्हणते, पुष्कळ गेले असते.)

पण न्हाणीत नुसतं उभं राहता येत नाही. आत गेलेल्या माणसाचा पाण्याचा आवाज आला नाही तर लोकांना काळजी वाटते. म्हणून दर मंगळवारी आणि शुक्रवारी, सकाळची आंघोळ झालेली असताना, मी भर दुपारी दुसरी आंघोळ करू लागलो. मधूनमधून एकेक तांब्या अंगावर घ्यायचा आणि कान भिंतीला लावायचा. शोभानं विचारलं तेव्हा मी सांगितलं की अंगाला खाज सुटते. तिनं कडुनिंबाचा पाला आणला आणि बजावलं की खाजेला गरम पाणी वाईट, थंडच घ्या. विदर्भातला डिसेंबर. मी दात वाजवत बाळामागून वार कशी पडते, नाळ किती बोटं सोडून बांधायची, बाळ निळं दिसलं तर काय करायचं, हे सगळं शिकत गेलो.

दुसरा घोटाळा पार्वतीबाईंनी केला. पार्वतीबाई आमच्यापासून तिसऱ्या खोलीत. मुलगा शालिकराम ट्रकवर ड्रायव्हर, सून वच्छला, तिचे दिवस भरत आलेले. पार्वतीबाई मोठ्या देवभोळ्या. त्यांनी तीन आठवडे माझ्या आंघोळी मोजल्या आणि एका शुक्रवारी मला ओल्या धोतरानं बाहेर पडताना गाठून हळूच विचारलं, "मंगयवार, शुक्रवार. देवीचे वार. कोनती देवी हाय जी?"

त्या क्षणी खरं बोलायला हवं होतं. पण खरं काय बोलणार? मी बायकांच्या बाळंतपणाचे धडे न्हाणीतून चोरून ऐकतो, असं? मी म्हणालो, "कोराडीची."

त्या दिवसापासून पार्वतीबाई मला वाकून नमस्कार करू लागल्या.

*

नववा धडा जानेवारीच्या दुसऱ्या तारखेला, मंगळवारी होता. विषय, बाळंतपणानंतर न थांबणारं रक्त. नेमकी त्या दिवशी रंभाबाई एका बाळंतपणाला पलीकडच्या खेड्यात गेली होती. जाताना शोभाला म्हणाली होती, ध्यान देऊन आयकजो अन मले सांगजो. शोभा ऐकायला बसली. पण संक्रांत तोंडावर आलेली, फौजदारीण हजर नाही, आणि चार बाया एका खोलीत. यंदा वाण काय लुटायचं यावर जे सुरू झालं ते मी भिंतीपलीकडून ऐकत होतो. एकीकडे प्लास्टिकच्या गाळण्या, दुसरीकडे डॉक्टरीणबाई.

ती सांगत होती की चार गोष्टी आहेत आणि त्या झटपट करायच्या. पहिली, पोटावरून गर्भाशय चोळायचं, ते चेंडूसारखं घट्ट होईपर्यंत. दुसरी, बाळाला लगेच छातीला लावायचं, त्यानं पिशवी आवळते. तिसरी, बाईला लघवी करवायची, भरलेल्या मूत्राशयामुळे पिशवी आवळत नाही. "आणि चौथी गोष्ट, जी सर्वात महत्त्वाची आहे..."

तेवढ्यात न्हाणीच्या पत्र्यावर धाडधाड. बाहेर मनोहरराव. त्यांचं टायर पंक्चरचं दुकान आहे, हात सदा काळे, आणि माझ्या मंगळवार-शुक्रवारनं त्यांचा जीव मेटाकुटीला आलेला. "रुपरावभाऊ, जिवंत हाय का गेले?"

मी घाबरलो. आवाज यावा म्हणून अख्खी बादली डोक्यावर ओतली. कानात पाणी, तोंडात पाणी. पाणी ओसरलं तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणत होती, "हे कधीही विसरू नका. नमस्कार."

संध्याकाळी रंभाबाईनं शोभाला विचारलं. शोभा म्हणाली, रक्ताचं काहीतरी होतं, तुमाले तं सारंच मालूम हाय. रंभाबाईनं मान हलवली आणि विषय संपला.

म्हणजे ते तीन उपाय साऱ्या ओळीत फक्त मला माहीत होते. बुधवारी मी रंभाबाईच्या ओट्यापर्यंत गेलो आणि म्हणालो, थंडी बरीच आहे. ती म्हणाली, हो. गुरुवारी पुन्हा गेलो आणि म्हणालो, थंडी कमी झाली. ती माझ्याकडे बघत राहिली. सांगायला माझ्याकडे दोन दिवस होते, आणि ते मी हवापाण्यात घालवले. आजही ते आठवलं की माझं मलाच कसंतरी होतं.

*

शुक्रवारी पहाटेपासून वच्छलाला कळा सुरू झाल्या. शालिकराम रायपूरच्या फेरीवर, परवाशिवाय येणार नव्हता. आत रंभाबाई, पार्वतीबाई आणि मदतीला शोभा. मी ड्यूटीवर होतो, पण मालाची बिल्टी लिहिताना निम्मं लक्ष ओळीकडे. सकाळीच पार्वतीबाईंनी मला हात जोडून सांगितलं होतं की आज तुमचा वार आहे, दुपारी आंघोळ झाली की माझ्या सुनेसाठी आईला सांगा. आता त्या दिवशी रेडिओ लागणार नव्हता, त्यामुळे मला न्हाणीत काही काम नव्हतं. पण म्हातारी वाट बघणार. म्हणून एक वाजता घरी येऊन मी प्रामाणिकपणे थंडगार पाण्याच्या दोन बादल्या अंगावर घेतल्या. (माझ्या आयुष्यातली ती एकमेव निष्काम आंघोळ.)

अंगावर पाणी घेत असतानाच बाळाचं रडणं ऐकू आलं. पार्वतीबाईंचा आवाज आला, पोट्टी झाली, पोट्टी झाली. मी टॉवेल गुंडाळून हसत बाहेर आलो. बाहेर मनोहरराव हसत होते. ओमप्रकाश ड्रायव्हर माल भरून झालेल्या ट्रकला टेकून बिडी ओढत होता, तोही हसला.

मग आतून काहीच आवाज येईना.

बाळंतिणीच्या खोलीत एवढी शांतता बरी नसते, एवढं मी नऊ धड्यांत शिकलो होतो. थोड्या वेळानं शोभा दार किलकिलं करून बाहेर आली. हातात गुंडाळलेली कापडं. तिनं ती माझ्यापासून लपवली, पण मी पाहिली. चेहरा पांढरा पडलेला.

"काय झालं?"

"काही नाही. तुमी जा."

"रक्त थांबून नाही राहिलं का?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मला कसं कळलं हे तिला कळेना. तेवढ्यात आतून रंभाबाईची हाक आली, आणि त्या आवाजात फौजदार नव्हता. "शोभाताई, त्या दिवशी रेडिओत काय सांगतलं वं? आठव बरं. लवकर."

शोभाचे ओठ हलले. मला ठाऊक होतं तिला काय आठवत असणार. गाळण्या.

मी तिच्या कानाशी लागलो. "पोटावरून पिशवी चोळायला सांग. घट्ट होईपर्यंत."

"तुमाले कसं मालूम?"

"आधी सांग, मग विचार."

ती दारात गेली, पण तिच्या तोंडून शब्द फुटेना.  मग मी तिला बाजूला केलं, दाराला लावलेल्या घोंगड्याच्या अलीकडे उभा राहिलो आणि ओरडलो. साऱ्या ओळीनं ऐकलं. मनोहररावांनी ऐकलं, ओमप्रकाशनं ऐकलं, विहिरीवरच्या बायांनी ऐकलं.

"रंभाबाई, चार गोष्टी आहेत. पहिली, बेंबीच्या खाली हात ठेवा. पिशवी मऊ लागते का?"

 मग रंभाबाई म्हणाली, "मऊ हाय. भिजल्या कणकीसारखी."

"चोळा. गोल गोल. चेंडूसारखी घट्ट झाली पाहिजे. सोडू नका."

"चोळून राहिली. पुढं सांगा."

माझ्या बाजूनं मनोहरराव हळूच चार पावलं लांब सरकले. मी म्हणालो, "दुसरी गोष्ट. लेकराला छातीला लावा. आत्ताच."

इथं पार्वतीबाई आडव्या आल्या. बाळाला तिसऱ्या दिवसाशिवाय अंगावर घेत नाहीत, पहिलं दूध पिळून टाकतात, तोवर बोटानं गुळाचं पाणी. त्यांच्या सासूनं तसंच केलं होतं आणि तिच्या सासूनं तसंच. हे पहिलं दूध बाळाला बाधतं, सख्ख्या नातीला विष पाजू का, असं म्हणत त्या बाळाला उराशी धरून दारापर्यंत आल्या आणि कोण हे सांगतंय ते बघायला त्यांनी घोंगडं बाजूला केलं.

आता त्यांना काय दिसलं असेल याचा विचार करा. शुक्रवारची दुपार. नुकता न्हालेला मी. केसांतून पाणी गळतंय, अंगावर ओला टॉवेल, आणि जानेवारीच्या वाऱ्यानं मी पायापासून डोक्यापर्यंत लटलट कापतोय. दात वाजतायत. आणि त्या वाजणाऱ्या दातांतून, ज्या गोष्टी पुरुषाला माहीत असूच शकत नाहीत, त्या मी बोलतोय.

पार्वतीबाईंचे डोळे मोठे झाले. बाळासकट त्या खाली वाकल्या. "आई," त्या म्हणाल्या. "तू आली."

मी तोंड उघडलं. खरं सांगायला उघडलं होतं, शपथ घेतो. पण आत एक पोरगी रक्तानं रिकामी होत होती आणि न्हाणीची हकिकत सांगायला चार मिनिटं तरी लागली असती. मी तोंड मिटलं आणि मान हलवली. मान अशीही हलतच होती.

आतून रंभाबाई म्हणाली, "आई-बिई काही नाही आली, पारबताबाई. थंडी वाजून राहिली त्याले." (रंभाबाई छप्पन साली दीक्षा घेतलेल्यांतली. तेव्हापासून तिनं अंगात येण्याला कधी भाव दिला नाही, कोणाच्याही.) "पन लेकरू इकडं दे. जे बोलते थे खरं बोलते."

बाळ आत गेलं. छातीला लावलं गेलं.

"तिसरी?" रंभाबाईनं विचारलं.

 बाहेर आता पंधरा-वीस माणसं जमली होती. मी डोळे मिटून ओरडलो, "वच्छलेला लघवी करवा. लघवी साचलेली असली तर पिशवी आवळत नाही." विहिरीवर कोणाची तरी बादली सुटली.

आत हालचाल झाली. भांडं सरकल्याचा आवाज. मग रंभाबाईचं मोजून मोजून श्वास घेणं. आम्ही सगळे त्या घोंगड्याकडे बघत उभे. शेवटी ती म्हणाली, "कमी झालं. पन थांबलं नाही. चवथी सांगा."

मी टॉवेलची गाठ पुन्हा आवळली.

"भाऊ. चार गोष्टी म्हनल्या ना तुमी? चवथी सांगा."

"चौथी मला ऐकू नाही आली," मी म्हणालो.

"काहून?"

"मी अंगावर पाणी घेत होतो."

"कोठी?"

"न्हाणीत. भिंतीला एक वीट कमी आहे. मी तिथून ऐकतो. पहिल्या दिवसापासून."

असं भर दुपारी, साऱ्या ओळीसमोर, टॉवेलवर उभं राहून मी सगळं कबूल केलं. शोभा माझ्या शेजारीच उभी होती. मी तिकडे बघितलं नाही.

  आतून रंभाबाई म्हणाली, "चवथी मले मालूम हाय. हे रेडिओच्या आधीपासून मालूम हाय, फक्त कोनी आयकत नाही. गाडी आना. दवाखान्यात नेऊ."

पार्वतीबाई पुन्हा दारात आल्या. दवाखान्यात नेलेल्या त्यांच्या बहिणीला परत आणलं नव्हतं, तिरडीच आणली होती. त्यांनी रंभाबाईकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. माझी एवढी मोठी कबुली झाली, पण म्हातारीच्या कानात त्यातलं काही शिरलंच नव्हतं. "आई, जाऊ का?" त्यांनी मला विचारलं.

 देवीचं सोंग घेतलेल्या माणसाला असं कोणी विचारू नये. मी म्हणालो, "जा. लवकर जा."

*

ओमप्रकाशनं बिडी कधी टाकली आणि गाडी कधी चालू केली हे कळलंही नाही. त्याच्या सीटमागे झोपायची फळी होती, तिच्यावर गादी टाकून वच्छलाला निजवलं. पाय उंच हवेत असं मीच सांगितलं, म्हणून पायाखाली ताडपत्रीची घडी. बाळ तिच्याजवळ, रंभाबाई तिच्यावर वाकलेली, एक हात पोटावर. पुढे ओमप्रकाश, पार्वतीबाई आणि मी. शोभानं खिडकीतून माझ्या अंगावर एक कांबळं फेकलं. (फेकलं, दिलं नाही. पण फेकलं.)

ट्रक हलला तशी माझी बडबड सुरू झाली. थांबवताच येईना.

"घट्ट आहे का?"

"हाय."

"आताही घट्ट आहे?"

"हाय, भाऊ."

"मऊ तर नाही पडली? हात सोडू नका. वच्छले, डोळे उघडे ठेव. रंभाबाई, तिचे डोळे उघडे आहेत का?"

जकात नाक्यावर ट्रकांची रांग लागलेली. माल भरलेला ट्रक कागद बघितल्याशिवाय सोडत नाहीत, आणि आमच्यापुढे नऊ गाड्या. ओमप्रकाशनं हॉर्न दाबून धरला. डोकावून पाहतो तर नाक्यावर ड्यूटीला आमच्या ओळखीचा देवराव. मी खिडकीतून अर्धा बाहेर आलो, कांबळ्यासकट. देवरावच्या बायकोला सातवा महिना चालू आहे, पाय सुजतात आणि ती माहेरी जायला तयार नाही, हे सगळं मला माहीत होतं. (मला माहीत असतं. याच कामासाठी कधीतरी ते उपयोगी पडणार होतं.) मी म्हणालो, देवराव, आत बाळंतीण आहे, रक्त थांबत नाहीये, तुमच्या घरीही दोन महिन्यांनी हेच आहे. देवरावनं आत डोकावून पाहिलं. मग स्वतः पळत जाऊन पुढच्या गाड्या बाजूला घ्यायला लावल्या आणि दांडा वर केला.

तिथून शहरात, धंतोलीच्या दवाखान्यापर्यंत ओमप्रकाशनं ब्रेकला पाय लावला असेल तर तो फक्त दोनदा. एकदा गाईसाठी, एकदा पार्वतीबाई मोठ्यानं देवीचं नाव घेऊ लागल्या म्हणून. त्या नाव घेत होत्या आणि मधूनमधून माझ्या गुडघ्याला हात लावून डोक्याला लावत होत्या. मी मागे वळून विचारत होतो.

"घट्ट आहे का?"

एका ठिकाणी उत्तर आलं नाही. मी पुन्हा विचारलं. रंभाबाई पूर्ण वाकून दोन्ही हातांनी दाबत होती. कपाळावरचा घाम टपटप वच्छलाच्या लुगड्यावर पडत होता. "मऊ पडून राहिली," ती म्हणाली, इतक्या हळू की इंजिनात ते जवळजवळ बुडालं. "वच्छले. ए वच्छले. माय, इकडं पाह्य."

मी ओरडायलाच लागलो. काय ओरडत होतो ते आठवत नाही. बहुधा पहिल्या धड्यापासून सगळं. साबणानं हात धुवा, नाळ बांधा, पिशवी चोळा, डोळे उघडे ठेव, वच्छले, झोपू नको. ओमप्रकाश बिचारा स्टेअरिंगवर वाकून म्हणत होता, "बस आ गया भैयाजी, आ गया."

दवाखान्याच्या फाटकात ट्रक घुसला तेव्हा वॉचमन काठी घेऊन धावला आणि आतलं बघून काठी टाकून स्ट्रेचर आणायला पळाला. वच्छलाला आत नेलं. रंभाबाई स्ट्रेचरसोबत चालत गेली, हात पोटावरून काढलाच नाही, दारापाशी लेडी डॉक्टरनं तिचा हात धरून बाजूला केला तेव्हाच सुटला.

मग आम्ही बाकावर बसून राहिलो. पार्वतीबाईंच्या मांडीवर बाळ, मी कांबळ्यात, ओमप्रकाश उभा. रंभाबाई आपल्या हातांकडे बघत होती. बोटं सुजून वळत नव्हती. मी म्हणालो, रंभाबाई, मी मंगळवारीच सांगायला हवं होतं. ती म्हणाली, हो. एवढंच म्हणाली. तिनं मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तासाभरानं लेडी डॉक्टर बाहेर आली. वारेचा एक तुकडा आत राहिला होता, तो काढला, इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं, रक्त द्यावं लागेल पण आता ती हातात आहे. वाटेत पिशवी चोळत कोण बसलं होतं, तिनं विचारलं. रंभाबाईनं सुजलेले हात वर केले. डॉक्टर म्हणाली, बाई, तुम्ही चोळायचं थांबवलं असतंत तर ही पोचली नसती. मग तिची नजर माझ्यावर आली. ओला टॉवेल, कांबळं, अनवाणी पाय. "हे कोण? नवरा का?"

"नाही," रंभाबाई म्हणाली. "शेजारी."

*

वच्छला नवव्या दिवशी घरी आली. तोवर पुष्कळ काही झालं. शालिकराम रायपूरहून आला, रंभाबाईच्या पायावर डोकं ठेवून रडला, आणि दुसऱ्या दिवशी सिमेंट कालवून त्यानं स्वतः न्हाणीच्या भिंतीतलं भोक बुजवलं. शोभा माझ्याशी चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी बोलली ते एवढंच की खाज गेली का. पार्वतीबाईंना मी समोर बसवून सगळं खरं सांगितलं. देवी नव्हती, रेडिओ होता. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, आईले कोठूनबी बोलता येते. पुढे धडे संपल्यावर रंभाबाईला तोंडी परीक्षेत नर्सबाईंनी नेमका नववा धडा विचारला. रंभाबाईनं चारही गोष्टी सांगितल्या आणि डबा घेऊन आली.

राहता राहिलो मी. माझं असं होतं की कोणी मला काही म्हणेना. मी शिव्यांचीही तयारी ठेवली होती, आभारांचीही. आभार आले तर काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं, "माझं काय, मी आपला निमित्त." हे वाक्य मी ड्यूटीवर दोन-तीनदा म्हणून पाहिलं होतं.

वच्छला आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या दारावरून चाललो होतो. (दोनदा.) ती खाटेवर उन्हात बसली होती, पोरगी मांडीवर. चेहरा अजून कागदासारखा, पण डोळे टवटवीत. तिनं हाक मारली, "काकाजी, इकडं या."

मी गेलो. तिनं पदर सावरला. माझं वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं.

"त्या दिवशी ट्रकात," ती म्हणाली, "मले काही दिसत नव्हतं. अंधारी आली होती. हातपाय थंडे पडले. मले वाटलं, आता झालं, आता गेली मी. अन डोळे मिटून जाव वाटे. कसं शांत शांत वाटत होतं."

"अगं, असं नको बोलू," मी म्हणालो.

"पन तुमचा आवाज काही बंद नाही होय. घट्ट आहे का, घट्ट आहे का, साबणानं हात धुवा." तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं. "मले असा राग आला, काकाजी. म्हटलं, मरताना मानसाले देवाचं नाव आयकू येते, मायबापाचं आयकू येते. मले काय आयकू यावं, तं रुपराव बुकिंगवाला. म्हटलं, याच्या आवाजात तं मी नाही मरत, बाप्पा. आधी याले चूप करतो, मंग काय व्हायचं थे होवो. म्हनून डोळे उघडे ठेवले."

 ठरवलेलं वाक्य आता कुठेच बसत नव्हतं.

"तर मग," मी शेवटी विचारलं, "मी आता काय समजू?"

वच्छलानं पोरीच्या डोक्यावरचं टोपडं नीट केलं. "समजा काहीबी," ती म्हणाली. "पन जरा हळू बोला. हे आत्ताच निजली."